गार पाण्यातील तेलभक्षक जीवाणू

थंड समुद्रात सांडलेले खनिज तेल लवकर नाहीसे होत नाही. गारठ्याने ते घट्ट होते, पाण्यात नीट विखुरत नाही आणि एरवी हवेत उडून जाणारे त्यातील विषारी घटक पाण्यात जास्त काळ रेंगाळतात. उबेत वाढणारे जीवाणू अशा पाण्यात मंदावतात. मात्र १५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानातच जोमाने वाढणारे जीवाणूही निसर्गात आहेत. त्यांना शीतप्रिय म्हणतात. शून्य अंशाजवळ वाढू शकणारे, पण अधिक उबेत फोफावणारे जीवाणू शीतसहिष्णू होत.

या जीवाणूंच्या पेशीपटलात असंतृप्त मेदाम्ले अधिक असल्याने थंडीतही ते ताठरत नाही आणि अन्नाची ये-जा चालू राहते. त्यांची एन्झाइमे लवचीक असतात, त्यामुळे कमी उष्णतेतही रासायनिक क्रिया घडवून आणतात. अंटार्क्टिकाच्या किनारी पाण्यात सापडलेल्या आणि २००३ मध्ये नामकरण झालेल्या ‘ओलेइस्पिरा अंटार्क्टिका’ या जीवाणूचे मुख्य अन्नच तेलातील हायड्रोकार्बन आहे.

अशा जीवाणूंच्या साहाय्याने सफाई करण्याचा मोठा प्रयोग अलास्कात झाला. २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन वाल्डेझ’ हे जहाज खडकावर आदळले आणि सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडले. तिथल्या किनाऱ्यावर तेल खाणारे जीवाणू आधीपासूनच होते. तेलातून त्यांना कार्बन भरपूर मिळत होता. उणीव होती ती नायट्रोजन आणि फॉस्फरसची. म्हणून बाहेरचे जीवाणू सोडण्याऐवजी गोट्यांवर खते टाकण्यात आली. खतामुळे तेलाच्या विघटनाला वेग आला.

२०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर फुटली, तेव्हा सुमारे ११०० मीटर खोलीवर तेलाचे सूक्ष्म थेंब पसरले. तिथले पाणी ५ अंशांच्या आसपास होते, तरीही तेल पचवणाऱ्या स्थानिक जीवाणूंची संख्या झपाट्याने वाढलेली संशोधकांना आढळली.

जीवाणूंकरवी सफाई करण्याच्या या पद्धतीला मर्यादाही आहेत. अलास्कात गोट्यांखाली अडकलेले काही तेल दोन दशकांनंतरही शिल्लक होते, कारण तिथे ऑक्सिजन फारसा पोहोचत नव्हता. तेलाखेरीज इतर प्रदूषकांपैकी पारा, शिसे यांसारखे धातू मूलद्रव्ये असल्याने जीवाणू त्यांचा नाश करू शकत नाहीत. केवळ त्यांचे रूप बदलतात किंवा त्यांना एका जागी बांधून ठेवतात. थंड देशांतील सांडपाणी प्रकल्पांतही हिवाळ्यात अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू मंदावतात. त्यामुळे सांडपाणी टाक्यांत अधिक काळ ठेवावे लागते.

अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणासाठी १९९१ मध्ये झालेल्या माद्रिद करारानुसार तिथे परके सजीव नेण्यावर कडक निर्बंध आहेत. त्यामुळे तिथल्या सफाईत मूळच्या जीवाणूंनाच हवा, नायट्रोजन आणि फॉस्फरस पुरवण्यावर भर दिला जातो.