परसातली वेधशाळा

(मंडळाच्या एश्बॉर्न इथल्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना झालेली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)



जेवणानंतर लगेच माझं भाषण ठेवण्यात संयोजकांचा काय हेतू होता, ते मला कळलेलं आहे. डुलकी लागली तर खुशाल घ्या, विषय रात्रीचाच आहे.

"तुमच्या बागेत ती झोपडी कसली? सॉना आहे का?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की शेवटी म्हटलं, एकदाच काय ते सगळ्यांना सांगून टाकू. सॉना नाही हो. वेधशाळा आहे. छप्पर सरकतं, आत एक खांब आहे, खांबावर आठ इंची दुर्बीण आहे. आणि एक स्टूल आहे. त्या स्टुलाबद्दल पुढे सांगतो, कारण सगळी मापं त्याच्यावरून निघाली.

सुरुवात २०१८ च्या उन्हाळ्यात झाली. बाबा तेव्हा ७८ वर्षांचे. तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. बाबा म्हणजे पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेचे जुने सभासद. ही संस्था १९४४ सालची. १९८६ ला हॅलेचा धूमकेतू दाखवायला त्यांनी आम्हा भावंडांना पहाटे तीन वाजता उठवून, स्वेटर घालून, स्कूटरवरून सिंहगडाच्या पायथ्याशी नेलं होतं. धूमकेतू मला धड दिसला नव्हता, पण ते त्यांना मी आजपर्यंत सांगितलेलं नाही. तर अशा माणसाला आपल्या दुर्बिणीतून शनी दाखवायचा, अशी माझी फार इच्छा. स्वतःच्या पैशाने घेतलेली पहिली मोठी दुर्बीण होती ती.

आता गंमत बघा. त्या वर्षी ढगांना दोष देता येत नव्हता. २०१८ चा उन्हाळा आठवत असेल तुम्हाला, सगळी हिरवळ वाळून पिवळी झाली होती. रात्रीमागून रात्री निरभ्र. पण त्या वर्षी शनी धनु राशीत, म्हणजे आकाशाच्या पार दक्षिणेकडच्या भागात होता. पुण्यातून तो ४९ अंशांपर्यंत वर चढत होता. एश्बॉर्न आहे ५० अक्षांशावर, त्यामुळे इथे तो जेमतेम १७ अंश. १७ अंश म्हणजे शेजाऱ्यांच्या थुयाच्या कुंपणामागे! शिवाय जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत इथे पूर्ण काळोख होतच नाही. सूर्य मावळतो, पण क्षितिजाखाली फार खोल जात नाही, उत्तरेकडे रात्रभर फिकट उजेड राहतो.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे आमचं केलर. दुर्बीण, तिचं वजनदार माउंट, तिपाई, पाच-पाच किलोची प्रतिवजनं, बॅटरी असं सगळं मिळून चाळीसेक किलो सामान केलरमध्ये. ते चार खेपांत वर आणायचं, तिपाई समतल करायची, अक्ष ध्रुवाकडे लावायचा, नळी बाहेरच्या हवेइतकी थंड होईपर्यंत थांबायचं. तोवर पाऊण-एक तास जातो. बाबा दहाला झोपणारे. दोन रात्री ते साडेबारापर्यंत खुर्चीत बसून राहिले. पहिल्या रात्री शनी कुंपणामागे. दुसऱ्या रात्री मी दुर्बीण हिरवळीच्या दुसऱ्या टोकाला नेली, शनी सापडला, आणि बाबांना आयपीसपर्यंत वाकता येईना. गुडघे. मी तिपाईचे पाय आखूड करायला गेलो तर सगळी जुळणी बिघडली. "राहू दे रे, उद्या बघू," म्हणाले. उद्या काही झालं नाही. जुलैच्या मध्याला ते परत गेले.

मग मी ठरवलं, आता हे सामान उचलायचं नाही. दुर्बीण कायमची बाहेर राहील, आणि दार उघडल्यापासून पाच मिनिटांत ग्रह दिसला पाहिजे.

ठरवणं सोपं असतं. कारण कायमची दुर्बीण म्हणजे कायमचा खांब, आणि कायमचा खांब म्हणजे काँक्रीट. जमीन इथे हिवाळ्यात गोठते, म्हणून पाया ८० सेंटीमीटर खोल हवा, नाहीतर गोठलेली माती त्याला उचलते. ६० बाय ६० चा आणि ८० खोल, म्हणजे जवळजवळ सातशे किलो! बायको म्हणाली, "आपण परत जाणार होतो ना?" मंडळी, हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या घरात कुठे ना कुठे पडून असतो. आमच्याकडे तो पंचवीस किलोच्या पंचवीस गोण्यांच्या रूपाने बागेत येऊन पडला. घर आम्ही २०१६ मध्ये घेतलं होतं, तेव्हा हा विषय निघाला नव्हता. घर विकता येतं. बागेतलं सातशे किलो काँक्रीट कोण विकत घेणार? दोन वर्षं आम्ही त्यावर काहीच बोललो नाही, आणि पाया काही घातला गेला नाही.

त्या दोन वर्षांत मी वाचन केलं आणि हिंडलो. फ्रँकफर्टच्या फिजिकालिशर फेराइनची, १८२४ सालच्या संस्थेची, वेधशाळा क्लाइनर फेल्डबर्गवर आहे, ८२५ मीटर उंचीवर. आपल्यापासून गाडीने अर्ध्या तासावर. तिथे जाऊन घुमट कसा असतो ते पाहिलं. आणि बाबांनी फोनवर एक जुनी गोष्ट सांगितली. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आपल्या आजच्या सीओईपीत, १८८८ साली कावसजी दादाभाई नेगमवाला या प्राध्यापकांनी वेधशाळा उभारली. पैसे भावनगरच्या महाराजांनी दिले, म्हणून नाव महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. डब्लिनच्या ग्रब यांनी बनवलेली २० इंची दुर्बीण, आणि ती कितीतरी वर्षं हिंदुस्थानातली सर्वांत मोठी. १८९८ च्या जानेवारीतल्या खग्रास सूर्यग्रहणासाठी तर नेगमवाला उपकरणं घेऊन जेऊरला गेले होते, आणि तिथे त्यांनी तात्पुरती वेधशाळा मांडली. पुण्यात कायमची, जेऊरला तात्पुरती! पण १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुण्याची वेधशाळा बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली आणि तिथे पुढे कामाला आली. मी बायकोला म्हटलं, "बघ, दुर्बीण हलवता येते. फक्त खांब मागे राहतो." ती म्हणाली, "मग घाल एकदाचा." हे २०२० च्या एप्रिलमधलं बोलणं. कोरोनामुळे घरातच होतो, आणि मला वाटतं, माझ्या येरझाऱ्यांना ती कंटाळली होती.

आता ज्यांना खरंच बांधायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं बोलतो.

घुमट की सरकतं छप्पर? घुमट दिसायला छान, वारा अडवतो, रस्त्यावरचे दिवे अडवतो. पण तयार फायबरग्लासचा घुमट काही हजार युरोंना पडतो, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, आणि फटीतून आकाशाचा एक तुकडा तेवढा दिसतो. मुलांना सप्तर्षी दाखवून मग त्यातल्या वसिष्ठाकडे दुर्बीण वळवायची, ही मजा घुमटात नाही. नुसतं ताडपत्रीचं आवरण घातलेला खांब हाही एक पर्याय आहे, आणि सगळ्यांत स्वस्त. पण इथलं दव! रात्री अकराला सगळं निथळायला लागतं. मी सरकतं छप्पर घेतलं. बाउमार्क्टमधलं २ मीटर ४० बाय २ मीटर ४० चं साधं गार्टनहाऊस, एका बाजूला उतरतं छप्पर, खाली चाकं, आणि चाकांसाठी ॲल्युमिनियमचे दोन रूळ.

छप्पर कुठल्या दिशेला सरकवायचं? इथे उत्तरेला. उत्तरेचं आकाश थोडं झाकलं तरी ध्रुव ५० अंशांवर असल्याने तो छपराच्या वरच राहतो. हीच वेधशाळा पुण्यात बांधली असती तर ध्रुव साडेअठरा अंशांवर, थेट छपरामागे गेला असता! आमच्या उत्तरेला आमचंच घर आहे, त्यामुळे ध्रुव कौलांवरून जेमतेम डोकावतो. पण तेवढा पुरतो.

जागा ठरवायला कंपासपेटीतला कोनमापक घ्या, दोऱ्याला एक नट बांधून ओळंबा करा, आणि बागेच्या प्रत्येक कोपऱ्यात दुर्बिणीच्या उंचीवर डोळा ठेवून दक्षिणेची झाडं मोजा. मी हे करत असताना शेजारच्या आजोबांनी पडद्याआडून पुष्कळ वेळ पाहिलं, आणि शेवटी बाहेर येऊन विचारलं की मी कुंपणाविरुद्ध तक्रार करणार आहे का. तिथून आमची खरी ओळख झाली.

परवानगीचं म्हणाल तर हेसेनमध्ये राहण्याची खोली, संडास आणि शेगडी नसलेल्या ३० घनमीटरपर्यंतच्या छोट्या बांधकामाला परवाना लागत नाही. आमची झोपडी दहा-अकरा घनमीटरची. पण तुमच्या वस्तीचा स्वतंत्र आराखडा असतो, आणि हद्दीपासूनच्या अंतराचे नियम असतात, त्यामुळे आधी जाऊन विचाराच. आमची बाग सहा मीटर रुंद, म्हणून दोन्हीकडच्या शेजाऱ्यांची लेखी संमती घेतली. भाड्याच्या घरात असाल तर मालकाला विचारल्याशिवाय फावडं उचलू नका. फ्लॅटवाल्यांपैकी ज्यांनी क्लाइनगार्टन घेतलं आहे, त्यांना कायद्याने २४ चौरस मीटरपर्यंतची झोपडी बांधता येते. काँक्रीट ओतायला मात्र बागेच्या संघाचं काय म्हणणं आहे ते आधी पाहा.

खांबासाठी मी सांडपाण्याचा जाड केशरी पाइप उभा केला, आत सळया, आणि वरून काँक्रीट. ओतलेलं काँक्रीट ओलं असतानाच वर तीन बोल्ट रोवायचे. जमिनीच्या फळ्या खांबाला टेकू द्यायच्या नाहीत, चारी बाजूंनी बोटभर फट ठेवायची. नाहीतर कोणी पाय हलवला की गुरू नाचतो.

आणि उंची. पुस्तकं सांगतात की उभं राहून आरामात बघता येईल एवढा खांब हवा. मी बाबांना फोन केला आणि म्हटलं, "आईकडून माप घ्या. स्टुलावर बसल्यावर डोळा जमिनीपासून किती उंच येतो?" आईने शिंप्याच्या टेपने मोजून सांगितलं, एक मीटर बारा. त्यावरून उलट हिशेब केला, खांब फळ्यांपासून ७५ सेंटीमीटर. खांब खाली आला म्हणून दुर्बीण खाली आली, दुर्बीण खाली आली म्हणून भिंतीही खाली आणाव्या लागल्या, नाहीतर दक्षिणेचं काही दिसलं नसतं. भिंती फक्त दीड मीटर. छप्पर बंद असताना आत जायचं तर देवळाच्या गाभाऱ्यात जाताना वाकतो तसं वाकावं लागतं. एकूण खर्च अठराशे युरोंच्या आसपास झाला, दुर्बीण सोडून.

चुका? झाल्या ना. एका दुकानाने भलतीच चाकं पाठवली आणि मी ती घाईत बसवली. पहिल्या रात्री साडेअकराला छप्पर सरकवलं तर मालगाडी जावी तसा आवाज! रात्री दहानंतरची शांतता म्हणजे काय हे इथे तुम्हाला सांगायला नको. तीन घरांत दिवे लागले. दुसऱ्या दिवशी नायलॉनची चाकं आणली, आणि तिन्ही घरी चकल्या घेऊन गेलो. शेजारच्या आजोबांना चंद्र दाखवला. त्यानंतर त्यांनी आपला हालचालीवर लागणारा दिवा स्वतःहून जमिनीकडे वळवून घेतला. फ्रँकफर्टच्या उजेडाचं मात्र काही करता येत नाही. इथून अंधुक दीर्घिका शोधत बसू नका. ग्रह, चंद्र, जोडतारे, तारकागुच्छ एवढं उत्तम दिसतं. आणि अगस्ती इथून कधीच दिसत नाही, तो क्षितिजावर येतच नाही. सप्तर्षी मात्र इथे मावळत नाहीत, वर्षभर, रात्रभर असतात.

बाबा पुन्हा आले ते २०२२ च्या सप्टेंबरात. मधली वर्षं विमानं, व्हिसे आणि लशी यांत गेली. त्या साली २६ सप्टेंबरला, नेमका घटस्थापनेच्या दिवशी, गुरू पृथ्वीच्या इतका जवळ आला होता जितका १९६३ नंतर आला नव्हता. आणि एश्बॉर्नला पाऊस! आठवडाभर ढग. बाबा रोज जेवण झालं की खिडकीशी जाऊन बघायचे आणि काही न बोलता परत यायचे.

कोजागिरीच्या आदल्या रात्री साडेनऊच्या सुमाराला मुलगी ओरडली, "आजोबा, चंद्र!" ढग फाटले होते. चंद्राशेजारी गुरू, आणि बरोबर दक्षिणेला, २४ अंशांवर, शनी. मी पळत जाऊन छप्पर ढकललं. बाबांना स्वेटर, मफलर, कानटोपी घालून आणेपर्यंत दुर्बीण शनीवर होती. ते स्टुलावर बसले. मी श्वास रोखून उभा. आयपीस त्यांच्या डोळ्यासमोर आलं, वाकावं लागलं नाही.

बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चित्रातल्यासारखाच आहे की."

मला वाटलं, झालं, एवढंच? तेवढ्यात ढग आला. मी छप्पर लावायला उठलो तर म्हणाले, "थांब रे. जाईल तो." वीस मिनिटं थांबलो. ढग गेला. त्यांनी पुन्हा शनी बघितला, मग गुरू, त्याचे चार चंद्र मोजले, आणि आईला हाक मारली. आईने बघितलं आणि दूध आटवायला ठेवलं आहे म्हणून आत गेली.

आता माझी स्वतःची पाठ त्या ७५ सेंटीमीटरच्या खांबावर दुखते. वर एक पोलादी तुकडा जोडून तो उंच करता येईल, मापंही काढून ठेवली आहेत. अजून केलेला नाही.

तर मंडळी, कोणाला बघायला यायचं असेल तर या. एस-बान तीन किंवा चार धरा, येण्याआधी फोन करा. आकाश स्वच्छ असेल तर दुर्बीण पाच मिनिटांत तयार होते, आणि नसेल तर चहा तरी होतोच. थंडीत येणार असाल तर दोन जोड्या मोजे घाला, फळ्यांखालून गारवा लागतो. प्रश्न असतील तर आत्ता विचारा, नाहीतर संयोजक मला माइकवरून उतरवतील.