पहिला पाइप, स्वस्तातला



गेल्या भाऊबिजेला बहिणीकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाली, ओवाळणी झाली, आणि माझा भाचा मला हळूच गॅलरीत घेऊन गेला. वय सत्तावीस, संगणकाच्या कंपनीत नोकरी, लग्न अजून व्हायचंय. मला वाटलं, मुलीबिलीची काही भानगड असेल आणि आईला सांगायला मामा मध्यस्थ हवा असेल. तर तो म्हणाला, "मामा, मला एक पाइप घ्यायचाय. तंबाखू ओढायचा. पहिलाच आहे, तेव्हा फार पैसे घालायचे नाहीत. तू ओढायचास ना? कुठला घेऊ, सांग."

आमच्या सगळ्या नातेवाइकांत पाइप ओढलेला माणूस मी एकटा. १९९८ साली सोडला, पण नावाला चिकटला तो चिकटलाच. लग्नकार्यात अजून कोणीतरी विचारतं, "काय हो, पाइप कुठंय?"

अशा प्रश्नाला वडीलधाऱ्यांचं उत्तर ठरलेलं असतं : घेऊ नकोस. ते उत्तर बरोबरच आहे. पण आपण तेवढं बोलून थांबलो, की मुलगा उठतो आणि तोच प्रश्न दुकानदाराला विचारतो. दुकानदार काही 'घेऊ नकोस' म्हणत नाही. म्हणून मी ठरवलं, आपल्याला ठाऊक आहे ते सगळं सांगायचं. पाइप कसा निवडायचा ते, आणि मी कसा चुकलो तेही. आज तुम्हाला सांगतोय ते जवळजवळ तेच.

माझा पहिला पाइप मी घेतला १९७६ साली, अमेरिकेत सेंट लुइस शहरात. कंपनीनं सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी पाठवलं होतं. परकीय चलनाची तेव्हा अशी टंचाई, की देश सोडताना हातात आठ डॉलर पडायचे. तिथं गेल्यावर रोजचा भत्ता मिळे, त्यातून मी एकवेळचं जेवण वाचवून पैसे साठवत होतो. घरी सगळ्यांसाठी काही ना काही न्यायचं होतं. पण एका दुकानाच्या काचेत पाइप मांडलेले दिसले आणि पाय तिथंच थबकले. डोक्यात होता शेरलॉक होम्स. तो बाकदार पाइप, ती विचारमग्न मुद्रा! (पुष्कळ वर्षांनी मला कळलं, की कॉनन डॉइलच्या कथांतला होम्स मातीचा, ब्रायरचा आणि चेरीच्या लाकडाचा पाइप ओढतो. तो मोठा बाकदार पाइप त्याच्या तोंडात दिला तो नाटक-सिनेमावाल्यांनी.) मी अठ्ठावीस डॉलर मोजले आणि बाकदार, चकचकीत पाइप घेऊन खोलीवर आलो. त्या रात्री जीभ अशी पोळली, की दुसऱ्या दिवशी गरम कॉफी पिववेना.

आमच्या विभागात एक म्हातारा फोरमन होता. त्याच्या तोंडात सदानकदा एक पिवळट, बेढब पाइप असायचा. माझा पाइप त्यानं हातात घेऊन फिरवून पाहिला आणि विचारलं, "केवढ्याला?" मी आकडा सांगितला. तो काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी गाडीत घालून मला मिसुरी नदीकाठच्या वॉशिंग्टन नावाच्या गावी घेऊन गेला. राजधानीचं वॉशिंग्टन नव्हे. सेंट लुइसपासून ऐंशी-एक किलोमीटरवरचं छोटं गाव. तिथं मला कळलं, की त्याचा तो पिवळट पाइप मक्याच्या कणसाचा होता.

होय, आपण दाणे खाऊन फेकतो त्याच मक्याच्या बुरकुंडाचा! हेन्री टिबी नावाचा एक डच सुतार तिथं येऊन स्थायिक झाला होता. १८६९ च्या सुमारास त्यानं असे पाइप करून विकायला सुरुवात केली. बुरकुंड वाळवायचं, मधून कोरायचं, बाहेरच्या खाचा प्लास्टर ऑफ पॅरिसनं भरून गुळगुळीत करायच्या. या कृतीचं पेटंट १८७८ सालचं. १९०७ मध्ये कंपनीचं नाव 'मिसुरी मीरशॉम' झालं, आणि हे पाइप आजही त्याच गावात तयार होतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जनरल मॅकआर्थरचं छायाचित्र आठवतंय? त्याच्या तोंडातला तो लांबुडका पाइप कणसाचाच. सरसेनापतीला चालला तो, पण मला मात्र होम्सचा हवा होता!

आता निवडीचं बघू. पाइप म्हणजे तीन गोष्टी : तंबाखू भरायची वाटी, धूर येतो ती नळी आणि दातात धरायची दांडी. आमच्या आजोळी शेतावरचे गडी चिलीम ओढायचे. आत खडा, खाली ओल्या फडक्याची छापी. धूर थंड व्हावा आणि जळकी तंबाखू तोंडात येऊ नये, एवढ्यासाठीच ती सगळी व्यवस्था. पाइपचा सगळा खटाटोपही त्याचसाठी आहे. म्हणून पाहायचं ते सामान आणि भोक. आकार आणि चकाकी नव्हे.

सामान मुख्यतः तीन प्रकारचं. पहिलं ब्रायर. भूमध्य समुद्राच्या आसपास एक झुडूप होतं, त्याच्या मुळाशी मोठी गाठ धरते. ती गाठ सहज जळत नाही. ती कापून, तासन्‌तास उकळून, महिनोन्‌महिने वाळवून मग पाइप कोरतात. फ्रान्समधलं सेंट क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकापासून या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. दुसरं मीरशॉम. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ समुद्राचा फेस. हा पांढरा, मऊ, हलका दगड तुर्कस्तानात एस्किशेहिरजवळ जमिनीतून काढतात. वापरता वापरता तो मधाच्या रंगाचा होतो. दिसायला देखणा, पण हातातून पडला की संपला. आणि तिसरं हे आपलं कणीस.

यांत स्वस्तात चांगला मिळतो तो कणसाचाच. आजही तिकडे दहा-पंधरा डॉलरांत बरा पाइप येतो. ब्रायर नवा असताना आतून जळू नये म्हणून सुरुवातीला थोडी थोडी तंबाखू भरून आत काजळीचा पातळ थर धरू द्यावा लागतो. कणसाला ते सोपस्कार नाहीत. ब्रायर एकदा ओढला की दिवसभर वाळत ठेवायचा, म्हणजे एकावर भागत नाही, दुसरा घ्यावा लागतो. कणीस ओल शोषून घेतं आणि लवकर वाळतं.

स्वस्त ब्रायर घ्यायचाच झाला, तर जास्त चकाकणारा घेऊ नये. जाड व्हार्निशखाली पुष्कळदा लाकडातले खड्डे लांबी भरून बुजवलेले असतात. आपल्याकडे पर्यटनस्थळी हत्ती-घोडे कोरलेले लाकडी पाइप मिळतात. ते काचेच्या कपाटातच शोभतात. लाकूड कुठलं, वर लावलंय काय, कशाचा पत्ता नसतो, आणि पेटवल्यावर आपण तंबाखूबरोबर तेही ओढतो.

मग फोरमननं शिकवलेली परीक्षा. पाइप साफ करायची केसाळ तार मिळते. ती दांडीतून आत सरकवायची. अडखळत न जाता ती थेट वाटीत निघाली पाहिजे. वाटीतलं भोक अगदी तळाशी हवं. वर असेल तर खालची तंबाखू ओली राहते आणि पाइप गुरगुरतो. वाटीची भिंत पातळ असेल तर हात भाजतो. पाइप वजनाला हलका हवा, आणि पहिला तरी सरळ दांडीचा असावा. बाकदार नळीत तार वळताना अडते, साफसफाई नीट होत नाही. माझ्या अठ्ठावीस डॉलरच्या पाइपात तार अर्ध्यावर अडली. फोरमनच्या बेढब पाइपात सुतासारखी सरळ गेली! तो एवढंच म्हणाला, "घाई करू नकोस. जीभ पोळते ती पाइपामुळं कमी, घाईमुळं जास्त." आणि एक कणसाचा पाइप त्यानं मला भेट दिला.

इथपर्यंत सांगून झालं तेव्हा भाच्याचा चेहरा खुलला होता. "म्हणजे कणसाचा घेऊ?" म्हणाला. म्हटलं, थांब. अर्धीच गोष्ट झाली.

सहा महिन्यांनी मी परत आलो. एव्हाना पाइपचं नवल ओसरलं होतं. खरं सांगायचं तर सोडून द्यावा असंच वाटत होतं. पण अठ्ठावीस डॉलर! सदाशिव पेठेत वाढलेला माणूस मी. एकवेळचं जेवण सोडून घेतलेली वस्तू कपाटात पडू द्यायची? पैसे वसूल व्हायला नकोत? म्हणून ओढत राहिलो. मग पाइप आहे म्हणून चांगली तंबाखू आणायची, तंबाखू आहे म्हणून दुसरा पाइप घ्यायचा. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला 'तेवढा एक डबा आण' असं सांगायचं. पैसे वसूल करता करता बावीस वर्षं गेली.

कोणी काही म्हणालं तर माझ्याकडे तयार उत्तर होतं : "सिगारेट वेगळी. पाइपचा धूर मी छातीत घेतच नाही." १९९८ च्या पावसाळ्यात दाढ दुखायला लागली म्हणून दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी दाढ बघितली, आरसा जरा फिरवला आणि गप्प झाले. जिभेच्या कडेला पांढरा चट्टा होता. मला दुखत नव्हता, खुपत नव्हता. आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. सौ. रोज संध्याकाळी दिवा लावायची आणि माझ्याकडे न बघता आत जायची.

अहवाल चांगला आला. कॅन्सर नव्हता. पण पुढे झाला असता का, याची हमी कोण देणार? डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. धूर छातीत घेतला नाही तरी तो तोंडात असतोच, आणि ओठ, जीभ, घसा, अन्ननलिका, स्वरयंत्र यांना पोळतोच. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालात पाइप आणि ओठाचा कॅन्सर यांचा संबंध नोंदला गेला तो १९६४ सालीच. म्हणजे मी त्या काचेपुढे उभा राहिलो, त्याच्या बारा वर्षं आधी! मी त्यांना माझी अठ्ठावीस डॉलरची गोष्ट सांगितली. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "पैसे वसूल करायचे होते ही तुम्ही मनाची घातलेली समजूत. पाइपच्या धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं, त्याला छातीपर्यंत जावं लागत नाही. तुम्हाला धरून ठेवलं होतं ते त्यानं."

ते मला तेव्हा लागलं, पण पटलं. पुढचे तीन महिने माझे मीच अनुभवले : चिडचिड, रात्र रात्र जागरण, हात उगाचच खिशाकडे जाणं. अठ्ठावीस डॉलरांसाठी माणूस असा तळमळत नाही.

भाच्याला म्हटलं, "हे बघ, महागाचा पाइप माणसाला दोन दोरांनी बांधतो. एक पैशाचा, दुसरा तंबाखूचा. तू स्वस्तातला घेशील तर पहिला दोर बांधलाच जाणार नाही, एवढं खरं. नको वाटलं तर कचऱ्यात टाकशील, मक्याचं बुरकुंडच ते! म्हणून कोणी विचारलं, तर मी कणसाचाच सांगीन. पण दुसरा दोर पाइप केवढ्याला घेतला हे विचारत नाही. दहा डॉलरांच्या पाइपातही तंबाखू तीच असते. त्या दोराचं माप कुठल्याच दुकानात मिळत नाही. तो न बांधून घ्यायचा उपाय एकच, आणि तो फुकट आहे."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुझे पाइप अजून आहेत?"

उन्हाळ्यात तो घरी आला तेव्हा मी दोन्ही काढून ठेवले. त्यानं आधी होम्सवाला उचलला, तार घातली. अर्ध्यावर अडली. मग फोरमनचा घेतला. तार सरळ वाटीत निघाली. हसला. नाकाशी नेऊन वास घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत टेबलावर ठेवला. तेवढ्यात सौ. चहा घेऊन आली, आणि आम्ही दुसरंच काही बोलायला लागलो.

पुढे त्यानं पाइप घेतला की नाही, मी विचारलेलं नाही. सत्तावीस वर्षांच्या मुलाला उलटतपासणी आवडत नाही. माझ्याकडे होतं ते सगळं मी त्याच्यापुढे मांडलं. दुकानदार त्याला अर्धंच सांगेल. आता उरलेलं अर्धं त्याला माहीत आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)