परगावी शिकणाऱ्या मुलांचा १५ ऑगस्ट

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



माझा आजचा विषय कोणास लहान वाटेल. आपल्या शाळेत शिकणारी कितीतरी मुले-मुली मूळची नागपूरची नाहीत. कोणी उमरेडचा, कोणी काटोलचा, कोणी पुसद-दारव्ह्याकडून आलेला. वसतिगृहात जागा मिळते ती थोड्यांना. बाकीची मामूकडे, खालाकडे, फुफीकडे राहून शिकतात. अशा मुलांचा १५ ऑगस्ट कसा जातो, एवढाच विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

ईदची गोष्ट वेगळी. ईदला मूल घरी जाते आणि गेलेच पाहिजे. १५ ऑगस्ट हा मात्र एका दिवसाचा सण. सकाळी झेंडावंदन उरकून दुपारची एस. टी. धरावी, तर घरी पोहोचेपर्यंत रात्र. दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळा. तेव्हा होते असे की, जोडून रविवार आला तर मूल दोन दिवस आधीच गावी जाते आणि शाळेच्या मैदानावर त्याची जागा रिकामी राहते. सुट्टी जोडून नसेल तर ते नातेवाइकांकडेच राहते, आणि "आज सुट्टीच आहे ना!" या एका वाक्याने त्याचा दिवस संपतो. मुलगा असला तर पाण्याची टाकी धुणे, दळण आणणे. मुलगी असली तर काही विचारूच नका. मी हे कोणावर रागावून म्हणत नाही. दुसऱ्याचे मूल घरात ठेवून घेणे सोपे नाही, त्याचा खर्च आहे, जबाबदारी आहे. पण ते मूल वर्षभर दबून राहते, जेवताना दुसरी पोळी मागताना विचार करते, हे वर्गात उभे राहिल्यावर आम्हां शिक्षकांना दिसते.

घरापासून दूर असलेल्या माणसांनी राष्ट्राचा दिवस कसा पाळला, याचे उदाहरण शोधायला आपणांस नागपूरबाहेर जावे लागत नाही. १९२३ साली याच शहरात झेंडा सत्याग्रह झाला. चरखा असलेला तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये मिरवणूक न्यावयास सरकारने मनाई केली, तेव्हा देशाच्या निरनिराळ्या भागांतून स्वयंसेवकांच्या तुकड्या येऊ लागल्या. गुजरातेतून आले, बिहारमधून आले. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांना जूनमध्ये अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली. हजाराहून अधिक माणसे तुरुंगात गेली. शेवटी १८ ऑगस्ट १९२३ रोजी तिरंग्याची मिरवणूक त्याच रस्त्याने गेली आणि पोलिसांनी ती अडवली नाही. या बाहेरगावच्या स्वयंसेवकांपैकी बहुतेकांचे नागपुरात कोण होते? ना मामू, ना खाला. त्या वर्षीची बकरी ईद जुलैच्या अखेरीस, म्हणजे सत्याग्रह ऐन भरात असताना आली होती. जे मुसलमान स्वयंसेवक त्या दिवशी कैदेत असतील, त्यांची ती ईद घराबाहेरचीच झाली. आज आपल्या मुलाला निदान फुफीच्या हातचा चहा तरी मिळतो!

दुसरी एक गोष्ट मुलांना ठाऊक नसते. १५ ऑगस्ट १९४७ हा शुक्रवार होता, आणि तोही रमजानचा अखेरचा शुक्रवार. चार दिवसांच्या आत ईद होती. म्हणजे देश स्वतंत्र झाला त्या दिवशी आपले आजोबा-पणजोबा रोज्यात होते. चांद्र वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, म्हणून हा योग पुन्हा पुन्हा येतो. २०१०, २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ तीन वर्षे १५ ऑगस्ट रमजानातच पडला.

त्यांपैकी एका वर्षी मी शिक्षणासाठी नागपुरात फुफीकडे राहत होतो. झेंडावंदनानंतर मिळालेला जिलेबीचा पुडा खिशात ठेवून घरी आलो. फुफीने तो न बोलता ताटलीत काढून झाकून ठेवला. संध्याकाळी इफ्तारला खजुराच्या शेजारी तीच जिलेबी, घरातल्या सात माणसांत तुकडे करून. जिलेबी मऊ पडली होती, चवीला विशेष नव्हतीच. पण फुफाजी सर्वांदेखत म्हणाले, "ही आमच्या भाच्याने आणलेली." त्या घरी इतके महिने राहून मी प्रथमच काही आणले होते.

म्हणून ज्या घरी असे मूल राहते त्या मामू-खालांना माझी विनंती आहे. त्या दिवशी सकाळी त्याचे कपडे इस्त्री करून मिळतील असे पाहा. आपल्या मुलांबरोबर त्यालाही बाहेर न्या. सीताबर्डीचा किल्ला वर्षातून मोजक्या राष्ट्रीय दिवसांनाच सर्वसामान्यांसाठी उघडला जातो. वेळ आधी विचारून घ्यावी. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई याच टेकड्यांवर झाली, आणि किल्ला उभा राहिला तो त्यानंतर. हे वर्गात मी चाळीस मिनिटे सांगितले तरी अर्धी मुले खिडकीबाहेर पाहतात. टेकडीवर उभे केले तर सांगावेच लागत नाही. खर्च तो काय, थोडे बसभाडे आणि प्रत्येकी एक प्लेट तर्री-पोहे.

गावाकडील वालिदांना वाटते, मूल नाही तर आपणच जाऊन यावे. अवश्य या. पण १५ ऑगस्टला ग्रामसभाही असते, आणि ज्याची विहीर, रस्ता वा घरकुल अडले आहे त्याने ती सोडू नये. अशा वेळी मुलाला फोन करा आणि त्यालाच विचारा, आज शाळेत काय झाले? झेंडा खालून वर चढवला की वर बांधलेलाच उलगडला? (१५ ऑगस्टला चढवतात, २६ जानेवारीला उलगडतात. हे पुष्कळ मोठ्यांनाही सांगता येत नाही.)

काही पालक मला हळूच म्हणतात, "सर, मूल गेले नाही तर लोक नावे ठेवतील, म्हणून पाठवतो." लोक नावे ठेवतात हे खरे आहे, मी नाकारत नाही. परंतु या कारणासाठी मैदानावर उभे राहिलेले मूल सारखे इकडेतिकडे पाहत असते, कोण आपल्याला मोजतो आहे म्हणून. ज्याला किल्ला दाखवला आहे, १९२३ ची हकीकत सांगितली आहे, ते मूल सरळ झेंड्याकडे पाहते. हा फरक रांगेच्या मागे उभे राहिले की स्पष्ट कळतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एकच काम. कार्यक्रम संपल्यावर कागदी झेंडे मैदानात पडतात. ते पायदळी येता कामा नयेत, गोळा करून शिक्षकांकडे द्यावेत. तसेच ज्यांच्या घरी राहता त्यांचे नाव व पूर्ण पत्ता या महिनाअखेर वर्गशिक्षकांकडे लिहून द्या. यंदापासून झेंडावंदनाचे निमंत्रण अम्मी-अब्बांप्रमाणेच तुमच्या मामूंना, खालांना आणि फुफींनाही पाठवावयाचे ठरले आहे, आणि त्यांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत असतील.