हमी आणि तारखेची पोच



१९७२ च्या दुष्काळात सरकारने काढलेली कामे आणि पुढे आलेली रोजगार हमी योजना यांचा उल्लेख आपल्याकडे एका दमात होतो. तो योग्य नाही. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडीत, माती उपशीत होती. पण ती कामे काढणे वा बंद करणे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर होते. हमीने हा संबंधच उलटा केला. वि. स. पागे यांच्या चिंतनातून आलेल्या या कल्पनेला विधिमंडळाने १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मजुराने मागणी करावी, शासनाने १५ दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा. त्यासाठी १९७५ पासून नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. मुंबईच्या पगारातून माणदेशाची मजुरी निघावी, ही उघड पुनर्वाटणी होती, दानधर्म नव्हे.

तिचा लाभ बांधावर न गेलेल्या मजुरालाही होतो, ही गोष्ट बड्या बागायतदाराला अर्थशास्त्रज्ञांच्या आधी कळली. शेजारी काम मिळण्याची खात्री असली की शेतमजूर पडेल त्या दरात राबत नाही. योजनेच्या निंदेत आळसाचा जो आरोप वारंवार होतो, त्याचे मूळ पुष्कळदा येथे आहे.

उणिवा होत्याच. विहीर, बंधारा, फळबाग यांचा कायमचा लाभ जमीनवाल्याला झाला. भूमिहीनाच्या वाट्याला हजेरीपटावरचे दिवस तेवढे आले. भत्ताही मूळ कायद्यात दिवसाला किमान १ रुपया एवढाच होता, आणि तोही मागणीची नोंद असेल तर! तोंडी मागणीवर १५ दिवसांची मोजणी सुरूच होत नाही.

२००५ मध्ये संसदेने महाराष्ट्राची ही कल्पना उचलली, मात्र हक्काचे एकक बदलून. राज्याच्या कायद्यात प्रत्येक प्रौढ व्यक्तीला दिवसांच्या मर्यादेशिवाय काम मागता येत होते. केंद्राने प्रत्येक कुटुंबाला वर्षाकाठी १०० दिवस ठरविले. घरातील स्त्रीचा स्वतंत्र हक्क या हिशेबात नवऱ्याच्या व मुलांच्या दिवसांत मिसळून गेला. या बदलावर देशभर जेवढा वाद व्हावयास हवा होता, तेवढा झाला नाही.

दिवसांची संख्या पुढे कोणीही वाढवो वा घटवो, उन्हाळ्याआधी वस्त्यांवर जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी अर्ज लेखी घ्यावेत, स्त्रियांचे निराळे घ्यावेत, आणि तारखेची पोच हाती पडल्याशिवाय ग्रामपंचायतीची पायरी उतरू नये.