स्पीकरखालचे रबरी पाय

मागच्या वेळी आपण मिरची कांडपाच्या हिशोबाबद्दल बोललो होतो. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. घरात गाणी ऐकायचा स्पीकर असतो ना, त्याच्याखाली ठेवायचे रबरी पाय आता विकायला आलेत. त्यांनी आवाज सुधारतो का, हे आज सांगणार आहोत. बचत गटाला हे काय सुचलं, असं वाटेल. पण आमच्या गटाच्या 12,000 रुपयांचा प्रश्न होता.

झालं असं. दिवाळीच्या आधी एक विक्रेता आमच्या बैठकीला आला. चार पायांचा एक डबा गटाला 400 रुपयांना, आपण तो 600 ला विकायचा. कमीत कमी 30 डबे घ्यायचे. त्याचं म्हणणं, स्पीकरखाली ठेवा, अ‍ॅम्प्लिफायरखाली ठेवा, कंपन अडतं आणि आवाज मोकळा होतो. नुसतं बोलून थांबला नाही. ज्यांच्या घरी बैठक होती त्यांची पत्र्याची पेटी होती, तिच्यावर त्यानं स्पीकर ठेवला आणि भजन लावलं. पखवाजाच्या प्रत्येक थापेला काहीतरी झर्र झर्र वाजायचं. मग त्यानं चार पाय सरकवले. झरझर गायब! आम्ही सगळ्या ‘अगं बाई’ म्हणून एकमेकींकडे बघायला लागलो.

आमच्यातल्या सगळ्यांत धाकट्या ताईनं तिथंच अंतर्गत कर्जाची मागणी केली. 12,000 रुपये, महिना 2 टक्के व्याज. तिला काहीतरी स्वतःचं सुरू करायचंय हे आम्हाला ठाऊक होतं. ठराव लिहायला वही उघडली, तेवढ्यात आमच्या कोषाध्यक्ष काकू म्हणाल्या, “त्यानं स्पीकर पेटीवरच का ठेवला? खाली फरशी होती की.”

विक्रेता तोवर निघून गेला होता. नमुन्याचा एक डबा मात्र ठेवून गेला होता.

आता त्या पेटीचं काय होतं ते सांगतो. स्पीकरचा पडदा पुढेमागे हलतो, ढोलकीच्या घुमाऱ्याला सेकंदाला शंभरच्या आसपास वेळा. तो हलला की त्याचं खोकंही थोडं थरथरतं. खाली पातळ पत्रा असेल तर तोही थरथरतो आणि पत्र्याचं पान मोठं असल्यामुळे चांगला ऐकू येण्याएवढा वाजतो. तंबोरा आठवा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे मिरजेला जातात, तिथं त्यांचे तंबोरे होतात. नुसती तार छेडली तर जेमतेम ऐकू येईल. घोडीतून ती थरथर लाकडी तबलीत जाते, म्हणून खोली भरते. आपल्या पेटीवरचा स्पीकर म्हणजे तेच, फक्त नको असलेला तंबोरा. पेटीवर पितळी डबा ठेवला असेल तर तोही साथीला.

मग आम्ही ठरवलं, नीट पारख करू. पुढच्या बैठकीत सगळ्या स्पीकरकडे पाठ करून, डोळे मिटून बसलो. एका ताईंची बारावीतली मुलगी नाणं उडवायची. छाप आली तर पाय ठेवायचे, काटा आला तर नाहीत. ठेवायचे नसले तरी स्पीकर उचलून परत ठेवायचा, नाहीतर खुडबुडीवरूनच कळेल. आवाजाचं बटण हलू नये म्हणून जागेवर टिकली लावून खूण केली, कारण जरा मोठं वाजलं की ते आपल्याला आपोआप चांगलं वाटतं. पाय आहेत वाटलं तर उजवा हात वर, नाहीत वाटलं तर डावा. काकूंनी मोजायचं.

पेटीवर जवळजवळ सगळे हात बरोबर. लपवायचं कारण नाही, तिथं फरक खरा होता. फरशीवर मात्र निम्मे हात बरोबर, निम्मे चूक. म्हणजे आम्हीही नाणंच उडवत होतो म्हणा ना. अ‍ॅम्प्लिफायरखाली तर बोलायलाच नको. त्यात पेनड्राइव्ह लावलेला, आतला आवाज आकड्यांत साठवलेला असतो. खोकं जरा थरथरलं म्हणून आकडे काही बदलत नाहीत.

गंमत पुढंच आहे. त्याच मुलीनं जुन्या चपलेचा तळ कापून चार तुकडे केले आणि पेटीवर विकतचे पाय एकदा, चपलेचे तुकडे एकदा, असं केलं. कुणालाच ओळखता आलं नाही. मग घडी केलेली गोधडी. तीही चालली. फक्त स्पीकर डुगडुगायला नको, एवढं बघायचं.

कंपन अडवणं हे सगळं खोटं आहे असं मात्र समजू नका. तबकडीचा जुना रेकॉर्ड प्लेअर असतो, त्यात सुईच कंपन वाचते. तिला गाण्याचं कंपन आणि जमिनीवरून चालणाऱ्या पावलांचं कंपन वेगळं करता येत नाही, म्हणून तिथं मऊ आधार लागतो. या मायक्रोफोनचंही तेच. आम्ही पहिल्यांदा इथं बोललो तेव्हा टेबलावर हात आपटत बोलत होतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये आमच्यापेक्षा बांगड्या आणि टेबलच जास्त होतं. आता माइकखाली स्पंज आहे. हात तरी आपटतोच आम्ही!

घरात आवाज घुमत असेल तर आधी फुकटचं करून बघा. स्पीकर पत्र्याच्या कपाटावरून किंवा पेटीवरून उतरवा. कोपऱ्यात असेल तर भिंतीपासून हातभर पुढे ओढा, कोपऱ्यात खालचा घुमारा फुगतो. सिमेंटच्या उघड्या भिंती आणि वर पत्रा असेल तर समोरच्या भिंतीला एक गोधडी टांगा. शब्द किती स्पष्ट येतात ते ऐका. आम्हाला पायांपेक्षा गोधडीनं जास्त फरक पडला.

कर्जाचा ठराव त्या दिवशी झाला नाही. धाकटी ताई रुसली. दोन बैठकांना आली नाही. आम्हालाही वाईट वाटत होतं, कारण पहिल्यांदा ‘अगं बाई’ म्हणणाऱ्या आम्हीच, आणि नंतर हात आखडता घेणाऱ्याही आम्हीच. शेवटी काकू तिच्या घरी गेल्या. त्यांनी एवढंच विचारलं, “पेटी नसलेल्या घरी तू 600 रुपये कोणत्या तोंडानं मागणार होतीस?” ती बराच वेळ गप्प बसली, मग चहा ठेवायला उठली.

ती आता बैठकीला येते. पिको-फॉलच्या मशीनसाठी कर्ज हवंय म्हणते, येत्या मंगळवारी दुकानातून दर लिहून आणणार आहे. नमुन्याचा डबा विक्रेत्याला परत केला. पेटीवर अजून चपलेचेच तुकडे आहेत.