दुसऱ्या हातची मोठी मोटार आणि तिचे ब्रेक



जुनी मोटार विकत घ्यावयास निघालेला गृहस्थ काय काय पाहतो, हें एकदां दुकानाच्या कोपऱ्यांत उभें राहून न्याहाळावें. तो रंगावरून हात फिरवितो, दार लावून त्याचा आवाज ऐकतो, चामड्याच्या आसनावर बसून पाठ टेकतो, इंजिन सुरू करून कान देतो, वातानुकूलनाची गार हवा तोंडावर घेतो, आणि मग किंमतीची घासाघीस सुरू होते. ब्रेकच्या वांट्यास या सगळ्यांत एकच क्षण येतो. अंगणांतल्या अंगणांत गाडी चार हात पुढें नेली, पाय दाबला, गाडी थांबली; झाली परीक्षा! वस्तुतः माणसाच्या चालीनें जाणारी गाडी नुसत्या हातब्रेकनेंही थांबते. या परीक्षेंत नापास होणारी गाडी दुकानापर्यंत येणेंच कठीण.

आज मी बोलणार आहें तें उंच, अवजड आणि मूळच्या अतिशय महाग अशा गाड्यांविषयीं. त्यांना एस्. यू. व्ही. म्हणतात. नवी असतांना जिची किंमत ऐकून आपण रस्ता ओलांडून पलीकडे जावें, तीच गाडी दहाबारा वर्षांनीं एखाद्या लहान नव्या मोटारीच्या किंमतींत दारांत येऊन उभी राहते. मोह पडणें स्वाभाविक आहे. मी त्याला हंसत नाहीं. मात्र किंमत उतरली म्हणून गाडीचें वजन उतरत नाहीं, आणि तिच्या दुरुस्तीचा खर्चही उतरत नाहीं.

वजनाचेंच आधीं पाहूं. अशी गाडी माणसें व सामान धरून सहज २,४०० किलो भरते. ताशीं १०० किलोमीटर वेगानें धांवणारी ती गाडी पूर्ण थांबवावयाची म्हणजे सुमारें सव्वानऊ लाख जूल इतकी शक्ति ब्रेकना उष्णतेच्या रूपानें पचवावी लागते. गृहिणींच्या भाषेंत सांगावयाचें तर, तीन लिटर साधें पाणी उकळीस आणण्याइतकी उष्णता चार-पांच सेकंदांत चार तबकड्यांत शिरते. वेग दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट होते. आतां हीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीस उतरते आहे असें समजा. सुमारें पांचशे मीटर उंचीची ही उतरण आहे. इंजिनाचा व हवेचा रोध सोडून दिला आणि सगळा भार ब्रेकवर टाकला, तर चाळीस लिटर पाणी उकळेल इतका तो हिशेब होतो. घाट उतरतांना खालचा गियर टाकावा असें जुने ड्रायव्हर कां सांगत, तें यावरून ध्यानांत येईल.

ब्रेकची रचना थोडक्यांत सांगतों. आपण पेडल दाबतों तो जोर प्रथम बूस्टर नांवाच्या पसरट गोल डब्यांत जातो. त्यांत मधोमध पडदा असतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा इंजिनानें, किंवा डिझेल गाडींत स्वतंत्र पंपानें, शोषून घेतलेली असते. पाय पडतांच एका बाजूस बाहेरची हवा शिरते आणि वातावरणाचा सगळा दाब आपल्या पायाच्या मदतीस येतो. तेथून तो जोर मास्टर सिलिंडरमधील तेलावर, तेलांतून नळ्यांवाटे चाकांपाशीं, आणि तेथें पॅड तबकडीला चिमटींत धरतात. अडीच टनांची गाडी नाजूक चपलेखालीं थांबते ती या डब्याच्या कृपेनें.

या सांखळींतील निरनिराळे दुवे निरनिराळ्या रीतीनें बिघडतात, आणि पायाला तें निरनिराळें जाणवतें. पॅड झिजले तर कर्कश घांसल्यासारखा आवाज होतो. तो दोष निदान बोलका आहे. तेल गळत असेल तर पेडल हळूहळू तळाशीं जातें. बूस्टर निकामी झाला तर उलट, पेडल दगडासारखें कठीण होतें. गाडी थांबवितां येते, पण त्यासाठीं लागणारा जोर कित्येक पटींनीं वाढतो, आणि घाबरलेल्या माणसाला तो वेळेवर सुचत नाहीं. चौथा प्रकार सर्वांत फसवा. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ‘डॉट ४’ या नांवानें मिळणारें ताजें तेल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. तेंच ओलावा प्यायलें कीं ही मर्यादा १५५ अंशांवर येते. दोन वर्षांनीं तें बदलावें असें बहुतेक कारखाने सांगतात तें याचसाठीं. उकळलेल्या तेलांत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते, आणि पेडल स्पंजासारखें लागतें. सपाट रस्त्यावर हा दोष वर्षानुवर्षें दिसत नाहीं. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाला तो घाटाच्या शेवटच्या वळणावर दिसला. गाडी तिसऱ्या मालकाच्या हातीं आलेली, सर्व्हिसचें पुस्तक अर्धें कोरें. सुदैवानें डाव्या बाजूस चढ होता व त्यावर गाडी घालतां आली. पुढें कारखान्यांत तेल काढलें तेव्हां तें काढ्यासारखें काळें निघालें.

हा झाला हेळसांडीचा दोष. त्याचें खापर मालकांच्या परंपरेवर फुटतें. परंतु कांहीं दोष गाडी जन्मतः घेऊन येते, आणि ते उघडकीस येण्यास दहापंधरा वर्षें लागतात. याचें ठळक उदाहरण २०२२ सालचें आहे. मर्सिडीझ-बेंझ या कंपनीनें २००४ ते २०१५ या काळांत बांधलेल्या एम्. एल्., जी. एल्. व आर. या वर्गांच्या गाड्या जगभर परत बोलावल्या. जर्मनीच्या केंद्रीय मोटारवाहन कार्यालयानें, म्हणजे फ्लेन्सबुर्ग येथील खात्यानें, आंकडा प्रसिद्ध केला तो ९,९३,४०७. त्यांपैकीं सुमारें ७०,००० एकट्या जर्मनींतील. दोष असा कीं, मघांशीं सांगितलेल्या बूस्टरच्या डब्यावर एक रबरी आवरण असतें. त्याखालीं ओल सांचून डबा गंजूं शकतो. डब्यास भोंक पडलें तर हवेची मदत कमी होते आणि पेडल जड जातें, एवढ्यावर भागलें तर ठीक. क्वचित् प्रसंगीं मात्र, गंज फार झालेला असतांना कोणी जोरानें ब्रेक दाबला तर, पेडल व ब्रेकची यंत्रणा यांचा संबंधच तुटूं शकतो. तात्पर्य, ज्या क्षणीं ब्रेकची सर्वांत अधिक गरज, त्याच क्षणीं तो जाण्याची भीति.

अमेरिकेंत या गाड्या सुमारें २,९२,००० होत्या, २००६ ते २०१२ या मॉडेलच्या. तेथील मालकांना मे २०२२ मध्यें कळविण्यांत आलें कीं, तपासणी होईपर्यंत गाडी चालवूंच नका. आम्ही ती ओढून नेऊं. मोटारीच्या कंपनीनें आपल्याच मोटारींविषयीं इतक्या स्पष्ट शब्दांत बोलणें विरळा. तपासणींत रबर काढून डबा पाहावयाचा. गंज फार नसेल तर गाडी परत द्यावयाची, पण दोन वर्षांच्या आंत पुन्हा आणण्याच्या अटीवर. गंज फार असेल तर बूस्टरच बदलावयाचा.

येथें दिरंगाईचा प्रश्न येतो. कायदा व कारखाना यांची चाल एक नसते. १९६६ च्या अमेरिकन मोटार-सुरक्षा कायद्याखालीं, दोषाची वर्दी सरकारांत दिल्यापासून साठ दिवसांत मालकास पत्र जावें लागतें, मग दुरुस्तीचा सुटा भाग तयार असो वा नसो. भाग तयार नसेल तर पहिलें पत्र फक्त धोका सांगतें. दुरुस्तीस बोलावणारें पत्र मागाहून येतें. या दोन पत्रांमधील काळ मालकाच्या दृष्टीनें मोठा चमत्कारिक असतो. गाडी आहे, हप्ते चालू आहेत, विमा चालू आहे, आणि मुलांना शाळेंत पोंचवावें कीं नाहीं हें ठरविण्याचा भार त्याच्यावर! कारखान्याच्या बाजूनेंही अडचण खरी आहे. ज्या गाडीचें उत्पादन दहा वर्षांपूर्वीं बंद झालें, तिचा भाग लाखाच्या संख्येनें कोणीच सांठवून ठेवीत नाहीं. नव्या गाड्यांतही हें घडतें. सप्टेंबर २०२४ मध्यें बी. एम्. डब्ल्यू. कंपनीला कॉन्टिनेंटलनें पुरविलेल्या ब्रेकच्या एका भागामुळें सुमारें पंधरा लाख गाड्यांचा प्रश्न उभा राहिला, आणि त्या वर्षाच्या नफ्याचा अंदाज तिला खालीं आणावा लागला. अडचण मान्य केली तरी एक गोष्ट मालकांनीं ध्यानांत ठेवावी: त्याच अमेरिकन कायद्यांत, गाडी दुरुस्तीस हजर केल्यावर साठ दिवसांत ती नीट झाली नाहीं तर वाजवी मुदत उलटली असें सकृद्दर्शनीं धरतात, व मग बदली गाडी किंवा किंमतीची परतफेड यांचा प्रश्न येतो. हें कलम माहीत असलेला मालक आणि नसलेला मालक यांना कारखान्याच्या खिडकीवर मिळणारें उत्तर सारखें नसतें, असें माझें मत आहे.

पण पत्र मुळांत पोंचतें कोणाला? तें नोंदलेल्या मालकास जातें. पहिला मालक परगांवीं गेला, दुसऱ्यानें नांवावर करून घेण्यास टाळाटाळ केली, तिसरा गाडी चालवितो, आणि पत्र कोण्या रिकाम्या घराच्या दारांत पडून राहतें. अमेरिकेंत नवी गाडी असा दोष दुरुस्त केल्याशिवाय विकतां येत नाहीं. २०१५ च्या कायद्यानें पस्तीस किंवा त्याहून अधिक गाड्या भाड्यानें देणाऱ्यांनाही हें बंधन घातलें. मात्र जुन्या गाड्या विकणाऱ्या दुकानदारास देशव्यापी कायद्यानें असें बंधन नाहीं. ज्याच्याकडे सर्वांत जुनी गाडी जाते तोच सर्वांत कमी राखलेला, हा न्याय मला तरी उलटा वाटतो. जर्मनींत ही फट बरीच बुजविलेली आहे: गंभीर दोषाचें बोलावणें पुनःपुन्हा झिडकारलें तर गाडी रस्त्यावर आणण्यास मनाई होऊं शकते.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनें मोटारवाहन कायद्यांत ११० अ हें कलम आलें, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सरकारास सक्तीनें गाड्या परत बोलावावयास लावतां येतें, व त्याबरोबर दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड होतो. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु हे नियम सात वर्षांच्या आंतील गाड्यांपुरते आहेत. आतां वरील उदाहरणाशीं ताडून पाहा. २०२२ सालीं परत बोलावलेल्या त्या गाड्यांतील सर्वांत नवी गाडी सात वर्षांची होती, आणि सर्वांत जुनी अठरा वर्षांची. गंज सात वर्षांचें पंचांग पाहून येत नाहीं. आणि ओलाव्याचें म्हणाल तर मुंबईच्या व कोंकणच्या चार महिन्यांविषयीं श्रोत्यांना मी काय सांगावें!

म्हणून घेणाऱ्यानें स्वतःच थोडी खटपट करावी. पहिली खूण पैशांवांचून होते. इंजिन बंद ठेवून पेडल चारसहा वेळां दाबा, तें कठीण होईल. पाय तसाच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित् खालीं बसलें पाहिजे. न बसलें तर हवेची मदत मिळत नाहीं असें समजावें. मग पाय मिनिटभर तसाच ठेवा. पेडल हळूहळू खालीं जाऊं लागलें तर तेलाचा दाब कोठें तरी निसटतो आहे. तेल शेवटचें केव्हां बदललें त्याची पावती मागा, शब्द नको. आणि उतारावर कधीं दगा झालाच तर इंजिन बंद करूं नका, कारण त्याबरोबर उरलेली मदत जाते व चक्रही जड होतें. पेडल भराभर दाबा, गियर उतरवीत न्या, आणि हातब्रेक एकदम न खेंचतां बेताबेतानें लावा.

दुसरी गोष्ट म्हणजे चॅसिसचा क्रमांक. समोरच्या कांचेच्या तळाशीं, दाराच्या चौकटींत किंवा नोंदणीच्या पुस्तकांत तो मिळतो, आणि पैसे देण्यापूर्वीं तो त्या कंपनीच्या अधिकृत कारखान्यास देऊन, या गाडीचें कांहीं बोलावणें बाकी आहे काय, याचें उत्तर लेखी घ्यावें. गाडी नांवावर होतांच आपला पत्ता तेथें नोंदवावा. क्रमांक उतरून घेतांना एक सूचना: त्यांत अक्षरें व अंक मिळून सतरा खुणा असतात, आणि इंग्रजी आय, ओ व क्यू हीं तीन अक्षरें त्यांत कधींच वापरीत नाहींत. तेव्हां ओ सारखें जें दिसेल तें शून्य लिहावें.