पासिंग झालं की!

(बेळगुंदी येथे भरलेल्या सीमाभागातील गॅरेज व्यावसायिकांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



मला अध्यक्ष केलंत, आभार मानतो. माझ्यापेक्षा लायक माणसं समोर बसली आहेत असं अशा वेळी म्हणायची पद्धत आहे, आणि आज ते खरंही आहे. बेळगुंदीला मांडवाची सवय आहे. इथं साहित्य संमेलन भरतं, ग्रंथदिंडी निघते, मोठमोठे लेखक येऊन जातात. त्याच गावानं आज हाताला ग्रीस लागलेल्यांना पाट मांडला, याचं मला अप्रूप वाटतं.

पत्रिकेत माझा विषय ‘देशोदेशीची वाहन तपासणी’ असा छापलाय. जगाचा आढावा घ्या, असं संयोजक म्हणाले. घेतो, खरं भराभर घेतो. कारण मला बोलायचंय ते वेगळंच आहे आणि ते बरीच वर्षं पोटात घेऊन फिरतोय.

इंग्लंडात १९६० साली तपासणी सक्तीची झाली. आधी फक्त दहा वर्षांच्या वरच्या गाड्यांना. ब्रेक, दिवे, स्टेअरिंग एवढंच बघायचे. बघायला लागले आणि इतक्या गाड्या नापास व्हायला लागल्या, की वर्षभरात दहाची सात वर्षं केली आणि १९६७ ला तीन. आता तीन वर्षांनंतर दरसाल. तिथं आपल्यासारखी गॅरेजंच सरकारी परवाना घेऊन तपासतात.

जर्मनीत याचं मूळ मोटारीत नाहीच, बॉयलरात आहे. वाफेचे बॉयलर फुटून माणसं मरायची, म्हणून १८६६ साली मानहाइम गावात कारखानदारांनी बॉयलर तपासणारी संस्था काढली. त्या घराण्याच्या संस्था पुढं मोटारीकडं वळल्या. १९५१ पासून तिथं ठरावीक मुदतीनं तपासणी सक्तीची आहे. नव्या गाडीला तीन वर्षं, नंतर दर दोन वर्षांनी. पास झालात की मागच्या नंबरप्लेटीवर रंगीत गोल टिकली लावतात, दर वर्षाचा रंग वेगळा, म्हणजे मागून येणाऱ्या पोलिसाला चालत्या गाडीवरून मुदत कळते. फ्रान्समध्ये तपासणी केंद्राला दुरुस्ती करायला बंदी आहे. जपानात ‘शाकेन’ म्हणतात, पहिली तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. आणि खर्च एवढा, की बरेच लोक शाकेन जवळ आली की गाडीच काढून टाकतात. आखातात आपली पोरं गॅरेजात आहेत, त्यांना विचारा. ‘मुलकिया’ नवी करायची तर गाडी आधी तपासणीच्या रांगेत उभी राहते.

अमेरिका मात्र राज्यागणिक वेगळी. फ्लोरिडानं १९८१ मध्येच तपासणी बंद केली. टेक्सासनं १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी काढून टाकली. गंमत अशी, की तपासणी गेली, तिचे साडेसात डॉलर तेवढे राहिले, ते नोंदणीबरोबर घेतात. सरकार कुठलंही असो, भाऊबंद एकच.

आणि आपण? मालवाहू आणि प्रवासी गाडीला आठ वर्षं होईपर्यंत दोन-दोन वर्षांचं फिटनेस, पुढं दरसाल. खासगी कार पंधरा वर्षं कुणी उचलूनही बघत नाही. फक्त नळीत काडी घालून धूर तपासायचा. ट्रॅक्टर शेतीचा म्हणून मालवाहू गाडीत धरलेला नाही. निपाणीकडच्या मंडळींना उसाच्या हंगामात रात्री तवंदी घाटात काय दिसतं ते मी सांगायला नको. काही दिसतच नाही, हीच तर अडचण. दोन ट्रॉल्या, ब्रेक नाही, मागं दिवा नाही, आणि आडवं बाहेर आलेलं उसाचं वाढं.

झाला आढावा.

आता माझं दुखणं. आपल्या या कामाला आपण काय म्हणतो? कचेरीच्या फलकावर ‘योग्यता प्रमाणपत्र’ असतं. तोंडात काय आहे? पासिंग. ‘मिस्त्री, गाडी पासिंगला घालायचीय.’ ‘पासिंग करून आणा.’ ‘पासिंग कधी संपतंय?’ जपानी शब्दाचा अर्थ आहे गाडीची तपासणी. जर्मन लोक देखरेख करणाऱ्या संस्थेचं नाव घेतात. इंग्रज वाहतूक मंत्रालयाच्या तीन आद्याक्षरांनी भागवतो. परीक्षेच्या नावातच निकाल लिहून टाकलेला मला तरी दुसरीकडं कुठं आढळला नाही. पोरगं शाळेत घालायच्या आधीच आपण पेढे वाटतो. आपल्या सीमाभागात तर हाच शब्द जन्मदाखल्यालाही लागतो. ‘गाडी कुठल्या पासिंगची?’ म्हणजे गाडी महाराष्ट्राची का कर्नाटकाची. जन्मतः पास!

सकाळच्या सत्रात दोन वाद झाले. पहिला, कडक कोण, हे राज्य का ते राज्य. त्यावर दोन मित्र खुर्चीवरून उठले, हात उगारायचेच बाकी होते. दुसरा, स्वयंचलित तपासणी केंद्रं आली की आपला धंदा बसणार का. दोन्हींना माझ्याकडं एकच उत्तर आहे, त्यासाठी तुम्हाला माझ्या गॅरेजात कॉम्प्रेसरच्या मागं यावं लागेल.

१९८६ साली मी स्वतःचं गॅरेज टाकलं. त्या आधी सात वर्षं बेळगावात हेल्पर. कॉम्प्रेसरच्या मागं, पोत्याखाली, दोन चाकं असायची. डिस्कसकट. सात-पन्नास सोळाचे टायर, नक्षी अशी खोल की करंगळीचं नख बुडावं. डिस्कला दर महिन्याला चंदेरी रंग. ही चाकं कुठल्याच गाडीची नव्हती, पासिंगची होती. पासिंगच्या आदल्या संध्याकाळी टेम्पो यायचा. पुढची गुळगुळीत चाकं उतरवायची, ही चढवायची. चॅसीला पाणी मारायचं, बंपरला काळा हात, नंबर नवे रंगवायचे. ड्रम उघडून लायनरवर कानस मारायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी दहा फुटांवर ब्रेक मारला की गाडी कशी खिळल्यासारखी उभी राहते. प्रथमोपचाराची पेटीही माझ्याकडंच असायची, तिच्यात कापसाची एक गुंडाळी आणि एक कोरडी पडलेली आयोडिनची बाटली. दुपारी टेम्पो परत. चाकं उतरली, पेटी खिळ्याला, पन्नास रुपये माझ्या खिशात. नंतर शंभर झाले.

कडक कोण, हा वाद माझ्यापुरता तिथंच मिटला. चाकं दोन्ही पासिंगच्या गाड्यांना चढत होती, आज एका आणि उद्या दुसऱ्या राज्याच्या साहेबापुढं उभी राहत होती, आणि दोन्हीकडं पास होत होती. कुठली कचेरी, कुठला साहेब, विचारू नका, सांगणार नाही. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. माझ्या चाकांनी तो केव्हाच सोडवला होता.

१९९६ ची गोष्ट. परतीचा पाऊस. आपल्या भागातली रताळी भरून एक टेम्पो सावंतवाडीकडं निघाला. मालक माझं नेहमीचं गिऱ्हाईक. नऊ दिवसांपूर्वी पासिंग झालेलं, माझ्याच चाकांवर. चाकं त्याच संध्याकाळी परत आली, त्याची जुनी चढली. जुनी म्हणजे गोटा. वरून हात फिरवला तर न्हाव्यानं केल्यासारखी. आंबोलीच्या उतारावर एका वळणाला पुढचं चाक ओल्या रस्त्यावर धरेना. टेम्पो कठड्यावर जाऊन बसला. खाली गेला नाही, हे नशीब. पोती फाटली, रताळी घाटभर. मालाच्या वर सतरा वर्षांचा एक पोरगा बसलेला, हेल्पर. त्याची मांडी मोडली. तो अजून आहे. चालताना उजवा पाय थोडा फेकतो, बाजारात दिसतो मला. मी दुसऱ्या बोळानं जातो.

तिसऱ्या दिवशी मी टेम्पो बघायला गेलो. मालक तिथंच उभा होता. मी पुढच्या टायरवर हात ठेवला.

“काय बघूलालास?” तो म्हणाला.

मी टायर दाखवला.

“खरं पासिंग झालं होतं की, मिस्त्री!”

तो मला टाकून बोलत नव्हता, हे ध्यानात घ्या. त्याला खरोखर नवल वाटत होतं. पासिंग झालेली गाडी घसरतेच कशी! चाकं त्यानंच बदलली होती, स्वतःच्या हातानं, तरी त्या कागदावर त्याचा विश्वास होता. आणि कागदानं त्याला दगा दिलाही नाही. फिटनेस चालू होतं, विमा मिळाला.

त्यानंतर मी ती चाकं फेकून दिली, असं सांगितलं तर तुम्ही टाळ्या वाजवाल. नाही फेकली. आणखी दोन वर्षं देत होतो. पोरींच्या फिया होत्या, आणि मी नाही दिली तर शेजारचा देणार होता. पुढं रबराला भेगा पडल्या, तेव्हा ती आपोआप सुटली. हे मी आजवर कुठं बोललो नाही. आज हातात माइक आहे आणि अध्यक्षाला कुणी खाली बसवत नाही, म्हणून बोलतो.

नियमात आपण कमी आहोत, असं कुणी म्हणालं तर मला राग येतो. कारच्या किंवा टेम्पोच्या टायरची नक्षी किती हवी? आपला नियम १.६ मिलिमीटर. युरोपात कारला किती? १.६ मिलिमीटर. आकडा तोच, दशांश चिन्हासकट. फरक कुठं पडतो ते सांगतो. इंग्लंडात गाडी नापास झाली की मालकाच्या हातात कागद पडतो. डावा पुढचा टायर, नक्षी कमी. मागचा ब्रेक, एका बाजूला ओढतो. २०१८ पासून दोषांची प्रतवारीही लिहितात: धोकादायक, मोठा, किरकोळ. हे सगळं सरकारकडं साठतं आणि नंबर घालून कुणालाही बघता येतं. जुनी गाडी घेणारा आधी तिची नापासकी वाचतो. आपल्याकडं इतक्या वर्षांत माझ्या गॅरेजात एकही मालक नापासाचा कागद घेऊन आलेला नाही. ‘साहेबानं परत पाठवलं’ म्हणतो. का? ‘काय की! एजंटाला विचारतो.’

म्हणून यंत्राच्या वादात माझं मत यंत्राच्या बाजूनं पडतं, इथं बसलेल्या निम्म्या लोकांना ते आवडणार नाही. २०२१ मध्ये या केंद्रांचे नियम आले, तारखा पुढं ढकलल्या गेल्या, एक दिवस येतीलच. रोलरवर चाक फिरवून ब्रेक मोजतील. ‘आमच्या पोटावर पाय’ असं सकाळी एक जण म्हणाले. अहो, यंत्र आकडा छापतं! आकडा छापला की मालक तो घेऊन कुणाकडं येणार? आपल्याकडंच. यंत्राला फसवता येतं, मला माहीत आहे. चाकं उसनी आहेत हे यंत्रालाही कळणार नाही. तरी कागद तर निघेल.

खासगी गाड्यांबद्दल थोडं. निवृत्त मास्तर, मारुती आठशे, देवघरासारखी ठेवलेली. सीटवरचं प्लॅस्टिक अकरा वर्षं काढलेलं नाही. ब्रेक ऑइलचं झाकण उघडलं तर आत काळा चहा. एकदाही बदललेलं नव्हतं. मास्तरांना म्हटलं, तर म्हणाले, “कुणी सांगितलंच नाही.” त्यांचं बरोबर होतं. कायद्यानं पंधरा वर्षं त्यांना कुणी सांगणार नव्हतं. सांगायला फक्त मी होतो, आणि मीही कार्ब्युरेटर बघायला बोलावलं म्हणूनच झाकण उघडलं होतं.

२०२२ साली देशात रस्त्यावर एक लाख अडुसष्ट हजार माणसं गेली. त्यातली सगळी टायर-ब्रेकनं गेली नाहीत. वेग आहे, दारू आहे, खड्डे आहेत. खरं टायर-ब्रेकाची जेवढी आहेत तेवढी तरी आपल्या बाकड्यावरून गेलेली आहेत. आपण बघितलं, ‘एवढ्यावर चालतंय’ म्हटलं, पाना खाली ठेवला.

माझ्याकडं योजना अशी काही नाही. कार्यकारिणी ठरवेल, ठराव करेल, निवेदनं देईल, ती दोन भाषांत द्यावी लागतील. शासनानं ट्रॉलीला ब्रेक आणि दिवा सक्तीनं तपासावा, खासगी गाडी पाच-सात वर्षांनी एकदा तरी उचलून बघावी, वगैरे. कसं, कधी, ते पुढच्या वर्षीच्या अध्यक्षांनी सांगावं. मी एवढंच केलंय, की एक वही छापून घेतलीय. डुप्लिकेट बुक, शंभर पानांचं. वर मोठ्या अक्षरात ‘नापास’. खाली गाडी नंबर, काय बिघडलं, मिस्त्रीची सही, मालकाची सही. एक प्रत मालकाला, एक आपल्याकडं. कायद्यात तिला काडीची किंमत नाही. मालक सही करेलच असंही नाही. पहिली चिठ्ठी मी माझ्या जावयाला दिली, मागचा व्हील सिलिंडर गळत होता. त्यानं ती वाचली, घडी करून खिशात घातली, आणि त्या दिवसापासून गाडी दुसऱ्या गॅरेजात नेतो. तिथल्या मिस्त्रीनं सिलिंडर बदलला, मुलीकडून कळलं.

जेवणाची वेळ झालीय, रताळ्याच्या घाऱ्या आहेत असं ऐकतो. मांडवाच्या दाराशी टेबलावर वह्या ठेवल्यात. जाताना एकेक उचला. पैसे नकोत. कार्बन आतच आहे.